दुबार पेरणीची मूठ

प्रिय पिल्या,

परवा व्हिडिओ कॉलवर आबाजी दुबार पेरणीआधी पेरायच्या तिफनीला हळदकुंकू लावत होते, तेव्हा तू विचारलंस, "पहिलं बी तर देवानंच वाया घालवलं, मग परत त्याच्याच पाया कशाला?" मी हसलो आणि फोन आईकडे दिला. उत्तर सुचलं नाही म्हणून.

मृग लागतो ७-८ जूनला. पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये. वावरात खणून बघायचं, वीतभर खाली ओल लागली पाहिजे, मुठीत दाबलेल्या मातीचा लाडू झाला पाहिजे. हे मला आबाजींनीच शिकवलं. यंदा एकच सर आली, शेजारी तिफन फिरली अन् यांनीही बैल जुंपले. अर्ध्या ओलीत दाणा फुगतो, मोड धरतो आणि ऊन तापलं की तिथंच करपतो. दोन इंचांच्या खाली पडला तर कुजतो. पोतं आपटलं तरी उगवण जाते, साल फार पातळ त्याची. मोठी आई पेरणीआधी ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवायची. सत्तरांना मोड आले तर एकरी ३० किलो, कमी आले तर बी वाढवायचं. घाईत तेही राहिलं. यात देवाला कुठं धरायचं?

पण सगळं नीट करूनही पाऊस वीस-वीस दिवस दडी मारतो. तेव्हा चूक कोणाची, ते मला आजही सांगता येत नाही. आणि दुसऱ्या पोत्याची उधारी देव फेडायला येत नाही, हे आबाजींनाही ठाऊक आहे.

तरी तिफनीच्या चाड्यात बी ओतायच्या आधी आबाजी एक मूठ धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, पाखरांना टाकतात. दुबारचं बी उधारीचं असतं, पण मूठ तेवढीच. लहानपणी मी एकदा ते दाणे वेचून पोत्यात परत टाकले होते. बोलले काहीच नाहीत. पोत्यात हात घालून तेवढेच दाणे काढले, पुन्हा धुऱ्यावर टाकले. आपण चुकलो म्हणून देणारा हात आखडत नाही, असा त्यांचा हिशोब असावा. मला तो दरवर्षी पटतोच असं नाही.

तू पाया पडावंस म्हणून हे लिहीत नाही बरं. रविवारी फोन कर, तोवर उगवलेल्या रोपांची तासं दिसायला लागली असतील. पेरणीचं नको विचारू, आपल्या राजा-पवळ्या बैलांचं विचार.

तुझा बाबा