व्याध पहाटे पुन्हा कधी दिसणार?

प्रश्न : व्याधाचा तारा (सिरियस) गेले कित्येक आठवडे दिसत नाही. पहाटे तो पुन्हा कधी दिसेल, हे आधी काढता येतं का?

उत्तर : येतं, पण एकच तारीख मागू नका; चार-पाच दिवसांचा पट्टा मिळतो. तारा रोज सुमारे ४ मिनिटं लवकर उगवतो. सूर्याच्या आधी उगवू लागला, तरी सुरुवातीला संधिप्रकाशात बुडालेलाच असतो. तेव्हा तारा क्षितिजाच्या २-३ अंश वर आला असताना सूर्य किती खाली आहे, ते बघायचं. व्याधाला साधारण १० अंश पुरतात, रोहिणीला १२-१३, कृत्तिकांच्या पुंजक्याला १५-१६. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आपलं ठिकाण टाका, तारा ३ अंशांवर आणा, सूर्याची उंची वाचा. मग तारीख एकेक दिवस पुढे ढकला. उणे ८, उणे ९ असं करत उणे १० आलं की थांबा.

प्रश्न : सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथातले कालांश म्हणजे हेच का?

उत्तर : हेतू तोच, माप वेगळं. कालांश सूर्याची खोली मोजत नाही, तारा आणि सूर्य यांच्या उदयांमधला वेळ मोजतो. १ कालांश म्हणजे ४ मिनिटं. व्याधाला १३ दिलेत, म्हणजे ५२ मिनिटं. विषुवदिनी सूर्योदयाच्या तेवढा वेळ आधी सूर्य विषुववृत्तावर १३ अंश खाली असतो, पण ५० अक्षांशावर तिरका चढत असल्याने जेमतेम ८ अंश! आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याला १३ कालांशांच्या चित्रा-ज्येष्ठेच्याच रांगेत बसवणंही मला पटत नाही.

प्रश्न : दक्षिणेकडच्या मित्राला व्याध किती आधी दिसतो?

उत्तर : ३० उत्तर अक्षांशावर तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दिसू लागतो. तिथून दक्षिणेला दर अंशामागे साधारण एक दिवस आधी.

प्रश्न : अभिजित ताऱ्याचं गणित जुळत नाही.

उत्तर : जुळणारच नाही. तो सूर्यमार्गापासून इतका उत्तरेला आहे, की उत्तर गोलार्धात बहुतेक ठिकाणी सूर्याच्या उजेडात लोपतच नाही. जानेवारीच्या सुरुवातीला तो संध्याकाळी पश्चिमेला आणि त्याच रात्री पहाटे पूर्वेलाही दिसतो.

प्रश्न : पट्ट्यातले पाचही दिवस उठलो, व्याध काही दिसला नाही!

उत्तर : क्षितिजावरचं धुरकट कोणत्याच गणितात नीट बसत नाही. दोन-चार दिवस आणखी उठा. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण त्या वेळी जवळजवळ उभा असतो. त्याची रेघ खाली क्षितिजाकडे न्या आणि तिथेच दुर्बीण रोखा, पण सूर्य उगवायच्या आत ती खाली ठेवा. इतक्या खाली व्याध लाल-हिरवा लुकलुकतो. विमानाचा दिवा समजून मी एकदा नजर वळवली होती.