आयटीआयच्या दीक्षांत समारंभाला जायलाच हवं का?

तुमचा प्रश्न असा की, धाकटा भाऊ तालुक्याच्या आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडला, आता चाकणला अप्रेंटिस आहे, आणि संस्थेतून दीक्षांत समारंभाचा निरोप आलाय. प्रमाणपत्र तर ऑनलाइन निघतं. मग रजा टाकून, एसटीचे धक्के खात गावी यायचं कशासाठी? आणि आई-वडिलांना सोबत न्यावं का?

मी अशाच एका आडबाजूच्या आयटीआयमध्ये फिटरचा निदेशक, म्हणजे शिकवणारा, आहे. समारंभाच्या दिवशी खुर्च्या मांडण्यापासून पाहुण्यांची वाट बघत फाटकाशी उभं राहण्यापर्यंतची सगळी कामं आम्हा निदेशकांच्याच गळ्यात असतात, त्यामुळे पडद्यामागचंही सांगतो. रजा मिळत असेल तर भावाला यायला सांगा. आई-वडिलांना तर आणाच. फक्त प्रमाणपत्रासाठी म्हणून येणार असाल तर तेवढ्यासाठी एसटीचं तिकीट काढू नका. स्टेजवर हातात पडतो तो कागद बहुतेक वेळा ऑनलाइन निघणाऱ्या प्रमाणपत्राचीच छापील प्रत असते. कुठे कुठे तर फोटोपुरतं एकच फोल्डर हातोहात फिरतं, हेही मी पाहिलंय.

आयटीआयला दीक्षांत हा प्रकारच तसा नवा आहे. आयटीआय जिच्याखाली चालतात ती शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० सालची. व्यवसाय प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं देत आलेली राष्ट्रीय परिषद, आपण जिला एनसीव्हीटी म्हणत आलो ती, १९५६ची. म्हणजे पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंगची मुलं झगे घालून फोटो काढत होती, तेव्हा आमच्याकडे कारकून खिडकीतून रजिस्टर पुढे सरकवायचा, सही घ्यायचा आणि प्रमाणपत्र हातात ठेवायचा. माझंही असंच झालं. देशभरातल्या आयटीआयमध्ये एकाच दिवशी 'कौशल दीक्षांत समारोह' पहिल्यांदा झाला तो १७ सप्टेंबर २०२२ला, विश्वकर्मा जयंतीला. त्याआधी सात दशकं पास झालेल्या फिटर-टर्नर-वेल्डरांच्या वाट्याला टाळ्या आल्याच नाहीत, आणि याचं कुणाला फारसं काही वाटलंही नाही. मला विचाराल तर हे फार आधी व्हायला हवं होतं. दहावीनंतर 'काहीच जमलं नाही म्हणून आयटीआय' हे वाक्य ज्या मुलांनी दोन वर्षं नातेवाइकांकडून ऐकलेलं असतं, त्यांना चारचौघांत नाव पुकारलं जाण्याची गरज इंजिनिअरिंगवाल्यांपेक्षा जास्तच असते.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. मोठ्या अपेक्षेने येऊ नका. सभागृह नसतंच, मंडप असतो किंवा एखाद्या मोठ्या शेडमधली बाकं हलवून जागा केलेली असते. पत्रिकेवर साडेदहा छापलेले असतात आणि पाहुणे येईपर्यंत बारा वाजतात. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक. प्रास्ताविकात संस्थेच्या इमारतीचा इतिहास येतो, तो टळत नाही. पाहुणे बहुतेक वेळा स्थानिक पुढारी, नाहीतर जवळच्या एमआयडीसीतला एखादा कारखानदार. कारखानदार असेल तर नशीब समजा. तो थोडक्यात बोलतो, आणि आमच्याकडे सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, माणसं कमी पडतात असलं काहीतरी कामाचं सांगून जातो. पुढाऱ्याच्या भाषणात मुलांना सल्ला असतो की नोकरी मागणारे नको, देणारे व्हा. समोर बसलेला मुलगा मनात पुढच्या महिन्याच्या खोलीभाड्याचा हिशेब करत असतो.

मग ट्रेडवार, म्हणजे फिटर, टर्नर, वेल्डर अशा एकेका अभ्यासक्रमानुसार, नावं पुकारतात. आधी प्रत्येक ट्रेडमधले पहिले येणारे, नंतर बाकीचे. काही संस्थांत पहिल्या आलेल्यांनाच स्टेजवर बोलावतात आणि उरलेल्यांना जागेवर उभं करतात. मला ते पटत नाही. फिटरच्या एका तुकडीत वीस मुलं, सगळे ट्रेड धरले तरी लहान आयटीआयमध्ये शंभर-दीडशेच्या वर नावं जात नाहीत. एकेकाला वर बोलवायला तासभर पुरतो, आणि तो तास एका भाषणातून सहज काढता येतो. आमच्याकडे यासाठी दरवर्षी थोडी हुज्जत घालावी लागते, पण सगळ्यांची नावं पुकारतात. तुमच्या संस्थेत काय पद्धत आहे ते आधीच फोन करून विचारा. वडील डोळे लावून बसलेत आणि पोराचं नाव आलंच नाही, असं व्हायला नको.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग यायचं कशाला. तर यायचं ते मंडपासाठी नाही, वर्कशॉपसाठी.

मुलगा दोन वर्षं सकाळी डबा घेऊन जातो आणि संध्याकाळी काळे हात घेऊन परत येतो. मधल्या वेळात तो काय करतो हे घरच्यांना ठाऊक नसतं. त्यांनी संस्था पाहिलेली असते ती प्रवेशाच्या दिवशी ऑफिसच्या खिडकीपर्यंत. एरवी वर्कशॉपमध्ये बाहेरच्यांना सोडत नाहीत, सुरक्षिततेचा प्रश्न असतो. समारंभाच्या दिवशी मशीन बंद असतात, शेड झाडून स्वच्छ केलेली असते आणि मुलांनी केलेले जॉब, म्हणजे हाताने घडवलेले लोखंडी तुकडे, टेबलावर मांडलेले असतात. चांगल्या संस्थांत हे प्रदर्शन असतंच. नसलं तरी भावाने आपल्या निदेशकांना विचारलं तर ते नाही म्हणणार नाहीत.

तिथे त्याला आई-वडिलांना आपला व्हाइस, म्हणजे काम घट्ट धरून ठेवणारा पकडा, दाखवू द्या. सुरुवातीचे कित्येक दिवस लोखंडाच्या एका तुकड्यावर नुसती कानस घासण्यात जातात, हातांना फोड येतात, आणि तरी पृष्ठभाग सपाट होत नाही. मग खुणा करणं, हॅक्सॉने कापणं, ड्रिलिंग, टॅपिंग म्हणजे भोकात आटे पाडणं. पुढे येतो मेल-फिमेल जॉब. एका तुकड्याला बाहेर आलेला आकार, दुसऱ्याला तसाच आत गेलेला, आणि दोन्ही एकमेकांत असे बसायला हवेत की उजेडाकडे धरले तर फट दिसता कामा नये. मापातली चूक ०.०४ मिलिमीटरच्या आत ठेवायची असते. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. हे सगळं हाताने, कानशीने करायचं. भावाने असा जॉब आईच्या हातात देऊन 'हा मी केला' एवढं म्हटलं तरी त्या दिवसाची रजा सार्थकी लागली.

गेल्या काही वर्षांत एक गृहस्थ माझ्या चांगले लक्षात राहिलेत. गवंडीकाम करणारे. मुलगा फिटर. भाषणं चालू असताना ते मागच्या मागे उठून शेडमध्ये आले. टेबलावरचा काटकोन तपासायचा ट्राय स्क्वेअर उचलला, म्हणाले, "हा तर गुण्या, आमच्यातबी असतो." मग त्यांनी पोराचा जॉब घेतला आणि चारही कोपरे स्वतः तपासले. एका कोपऱ्यात बारीक फट दिसली. त्यांनी पोराकडे असं पाहिलं की तो लगेच म्हणाला, "बाबा, परीक्षेचा नाही तो, सरावाचा आहे." मला बोलायची गरजच पडली नाही. बापलेकाचं पुढे अर्धा तास काटकोनावरच बोलणं चाललं होतं. तोवर ते गृहस्थ गावात सांगत असायचे की पोरगं 'कंपनीचं काहीतरी' शिकतंय.

मुलींच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं. महाराष्ट्रात आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात, तरी फिटर-टर्नरकडे त्या मोजक्याच येतात आणि त्यांच्या घरी तर मशीन म्हणजे निव्वळ धोका असं वाटत असतं. लेकीने लेथ मशीनचं चक, म्हणजे जॉब पकडणारा भाग, कसं बांधायचं हे आईला दाखवलं की पुढे तिला अप्रेंटिसशिपसाठी बाहेरगावी पाठवायचा विषय घरात जरा सोपा होतो. तुमचा भाऊ आहे, बहीण नाही, पण ओळखीत कुणी असेल तर सांगून ठेवा.

दुसरं कारण अगदी रोकडं आहे. त्या दिवशी प्राचार्य, कारकून, निदेशक सगळे एकाच आवारात सापडतात. एरवी एकाला गाठावं तर दुसरा मीटिंगला गेलेला असतो. भावाने येण्याआधी आपलं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र डाउनलोड करून दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावं. नाव, वडिलांचं आणि आईचं नाव, जन्मतारीख, ट्रेड, सत्र. आपल्याकडे आडनाव आधी की नाव आधी इथपासून घोळ असतो, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा 'ए' जादा पडलेला असतो. आज ते किरकोळ वाटतं. उद्या रेल्वेत टेक्निशियनच्या भरतीत कागदपत्रं तपासताना तोच 'ए' आडवा येतो, आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ नसतो. ही दुरुस्ती संस्थेमार्फत पुढे जाते, म्हणून दहावीची गुणपत्रिका आणि आधार कार्ड, दोन्हींच्या प्रती सोबत आणायला सांगा. शाळा सोडल्याचा दाखला, अनामत रक्कम, ग्रंथालयाची ना हरकत, यांतलं काही राहिलं असेल तर तेही त्याच दिवशी उरकता येतं.

पुढे शिकायचं मनात असेल तर तेही याच दिवशी विचारून घ्यावं. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट असते. राज्य मंडळाचे दोन भाषा विषय दिले तर बारावीची समकक्षताही मिळते. पुष्कळ मुलांना हे पास झाल्यावर दोन-तीन वर्षांनी कळतं आणि तोवर पुस्तक हातात धरायची सवय मोडलेली असते.

तिसरं, त्याचे ज्युनिअर. पहिल्या वर्षाची पोरं मागच्या रांगेत बसलेली असतात आणि पाहुण्यांपेक्षा त्यांचं लक्ष नुकत्याच कंपनीतून आलेल्या मुलांकडे असतं. जेवणाच्या वेळी ती येऊन विचारतात: स्टायपेंड वेळेवर मिळतो का, नाइट शिफ्ट असते का, खोली कुठे घेतली, कॅन्टीन कसं आहे, खरंच मशीनवर काम देतात की नुसतं पॅकिंगला उभं करतात? या प्रश्नांची उत्तरं आम्ही निदेशक नीट देऊ शकत नाही. आम्हाला कंपनी दाखवते ती भेटीच्या दिवशीची. भावाने चांगलं-वाईट दोन्ही खरं सांगावं. आमच्याकडच्या दोघा-चौघांना चांगल्या ठिकाणी जागा मिळाल्या त्या अशाच जेवणाच्या रांगेतल्या बोलण्यावरून. त्याच्या बॅचची वीस मुलंही आता वीस ठिकाणी आहेत. अप्रेंटिसशिप संपेल तेव्हा कुठे जागा निघाल्या हे त्यांच्याकडूनच आधी कळणार आहे.

रजेचं म्हणाल, तर अप्रेंटिसशिप कायद्यात २०१४ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून अप्रेंटिसच्या सुट्ट्या आणि रजा त्या आस्थापनेत चालतात तशाच असतात. म्हणजे कंपनीचा नियम काय आहे तो ट्रेनिंग विभागाला विचारायचा. आमंत्रणाचं पत्र किंवा निदान व्हॉट्सअॅपवर आलेला निरोप जोडून, काही दिवस आधी लेखी अर्ज द्यायचा. आदल्या रात्री सुपरवायझरला फोन करून 'उद्या येत नाही' सांगण्याची सवय आपल्या पोरांना असते. तेवढं टाळावं. हजेरीत खाडा लागला की पुढे कामावर घेताना तो मोजला जातो.

आणि रजा नाहीच मिळाली, किंवा त्याच आठवड्यात त्याची अप्रेंटिसशिपची परीक्षा असेल, तर ओढूनताणून आणू नका. त्याच्या निदेशकांना फोन करा, अडचण सांगा, आणि साध्या कामाच्या दिवशी आई-वडिलांना घेऊन या. प्राचार्यांची परवानगी आधी घेतलीत तर शेड दाखवायला कुणीही तयार होईल. उलट त्या दिवशी मशीन चालू असतात, ते जास्त चांगलं. येताना पायात चप्पल नको, बूट हवेत. आईच्या साडीचा पदर खोचलेला असू द्या आणि चालू लेथपासून चार हात लांब उभं राहायला सांगा.