एका व्हीएलॅनमध्ये किती युजर ठेवावेत?

चार मजल्यांवरच्या 400 कर्मचाऱ्यांना एकाच व्हीएलॅनमध्ये (स्विचवर आखलेल्या स्वतंत्र आभासी नेटवर्कमध्ये) ठेवलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल, पण ठेवू नका. वायर्ड युजरांसाठी मी /24 सबनेट (पत्त्यांचा एक गट; / नंतरचा आकडा जितका लहान, तितका गट मोठा) धरतो, म्हणजे वापरता येणारे 254 पत्ते, आणि त्यात 200 च्या आसपास उपकरणं झाली की पुढचं व्हीएलॅन काढतो.

मोजताना उपकरणं मोजा. लॅपटॉप, मोबाइल आणि टेबलावरचा आयपी फोन धरला तर एका माणसामागे तीन पत्ते सहज जातात.

254 ही त्या सबनेटची मर्यादा झाली, व्हीएलॅनची नव्हे. /23 केलं की 510 पत्ते मिळतात, /22 केलं की 1022, आणि चांगल्या स्विचला त्याचं काही वाटत नाही. ब्रॉडकास्टची, म्हणजे व्हीएलॅनमधल्या प्रत्येक उपकरणाला जाणाऱ्या संदेशांची, धास्ती बरीचशी जुन्या, संथ संगणकांच्या काळातली आहे. आजच्या लॅपटॉपला सेकंदाला शंभरेक एआरपी फ्रेम (‘हा पत्ता कुणाचा?’ असं सर्वांना विचारणारे संदेश) आल्याचं जाणवतही नाही. जुने प्रिंटर, स्वस्त कॅमेरे, यंत्रांचे कंट्रोलर मात्र अशा माऱ्याखाली अडखळतात, म्हणून त्यांना युजरांपासून वेगळं ठेवा.

मग व्हीएलॅन लहान का ठेवायचं? कारण बिघाड झाला की तो अख्ख्या व्हीएलॅनभर पसरतो. कुणी टेबलाखाली साधा स्विच लावतं आणि त्याच्या दोन केबल भिंतीतल्या दोन सॉकेटांत खुपसतं. तो स्विच स्पॅनिंग ट्रीचे (लूप शोधून तोडणाऱ्या यंत्रणेचे) संदेश पुढे जाऊ देत नसेल, तर लूप (संदेश गोल फिरत राहणारा मार्ग) पकडला जात नाही आणि काही सेकंदांत ब्रॉडकास्टचा पूर येतो. कुणी घरचा राउटर लॅन पोर्टमधून जोडला, तर तो चुकीचे पत्ते वाटत सुटतो. युजरांच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड (स्पॅनिंग ट्रीचा संदेश आला की पोर्ट बंद करणारा) आणि स्टॉर्म कंट्रोल (ब्रॉडकास्टच्या पुराला मर्यादा घालणारं), व्हीएलॅनवर डीएचसीपी स्नूपिंग (आपोआप पत्ते वाटणाऱ्या परक्या उपकरणाला अडवणारं) चालू ठेवाच. स्टॉर्म कंट्रोल विशेष महत्त्वाचं, कारण पुरामुळे ट्रंक (अनेक व्हीएलॅन वाहणारी स्विचांमधली जोडणी) भरली की तिच्यावरच्या इतर व्हीएलॅनांनाही झळ बसते. तरीही आकार ठरवताना स्वतःला विचारा: एका वेळी किती जणांचं काम थांबलेलं परवडेल?

तुमच्याकडे प्रत्येक मजल्याला एक डेटा व्हीएलॅन करा, प्रत्येकी साधारण 100 संगणक. फोन, प्रिंटर आणि कॅमेरे यांना आपापलं व्हीएलॅन द्या. व्हीएलॅन 1 मध्ये (स्विचच्या मूळ सेटिंगमधल्या व्हीएलॅनमध्ये) युजर टाकू नका. मजल्यांमधलं राउटिंग लेयर 3 स्विचवर (राउटिंगही करणाऱ्या स्विचवर) असू द्या. एकाच केबलने जोडलेल्या राउटरवरून केलं, तर तीच केबल आधी तुंबते.

पत्ते वाटताना वाढीची जागा सोडा. पहिल्या मजल्याला 10.1.20.0/24 दिलं तर दुसऱ्याला 10.1.22.0/24 द्या आणि 21 रिकामं राहू द्या, म्हणजे उद्या मास्क (सबनेटचा आकार सांगणारी सेटिंग) बदलून /23 करता येतं. सुरुवात सम आकड्यावरच हवी, 21 आणि 22 जोडून /23 होत नाही. हा बदल करताना हाताने पत्ता दिलेली उपकरणं हमखास विसरली जातात. जुना मास्क राहिलेल्या उपकरणाला 10.1.21.50 हा पत्ता परका वाटतो, त्यामुळे ते उत्तर गेटवेकडे (सबनेटबाहेर जाण्याच्या दाराकडे) पाठवतं. गेटवे फायरवॉल असेल तर त्याने आधीची विनंती पाहिलेलीच नसते, म्हणून तो उत्तर टाकून देतो. पिंग कधी लागतं, पण जोडणी होत नाही, आणि शोध भलतीकडेच चालू राहतो. अशी उपकरणं शिल्लक असतील तर 10.1.20.255 हा पत्ताही वाटू नका. नव्या मास्कमध्ये तो वैध आहे, पण जुन्या मास्कला तो ब्रॉडकास्ट वाटतो.

वायफायचा हिशेब वेगळा. मजल्यागणिक व्हीएलॅन बदललं तर चालता चालता नवा पत्ता घ्यावा लागतो आणि चालू कॉल तुटतो, म्हणून इमारतभर एकच व्हीएलॅन बरं. 400 जणांची प्रत्येकी दोन उपकरणं म्हणजे 800, त्याला /22 लागेल. इथे ब्रॉडकास्ट खरंच महाग पडतो, कारण तो मूलभूत दरांपैकी (सर्व उपकरणांना झेपणाऱ्या वेगांपैकी) संथ दराने हवेत जातो आणि तेवढा वेळ त्या चॅनेलवर बाकीचे थांबतात. वायफाय कंट्रोलरवर प्रॉक्सी एआरपी (उपकरणाच्या वतीने एआरपीला उत्तर देणं) चालू करा, नको असलेला मल्टिकास्ट (एका गटाला जाणारे संदेश) अडवा आणि 1 व 2 मेगाबिटचे दर बंद करा.

पाहुण्यांचं व्हीएलॅन वेगळं ठेवा आणि त्याची डीएचसीपी लीज (दिलेला पत्ता राखून ठेवण्याची मुदत) 2 तासांची करा. विंडोज सर्व्हरची मूळची 8 दिवसांची लीज तशीच राहिली, तर निघून गेलेल्या पाहुण्यांचे मोबाइल पत्ते अडवून ठेवतात आणि समोर बसलेल्याला पत्ता मिळत नाही.