कंपन्यांनी सौरऊर्जेत पैसा घातला, तर गरीब देशांतल्या घरांत खरंच वीज पोचते का?

पोचते, पण पैसा कशात घातला यावर सगळं आहे. मी चाकणच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो, सीएसआरची, म्हणजे कंपनीनं नफ्यातून समाजासाठी करायच्या खर्चाची, सौर कामंही माझ्याकडेच असतात.

कारखान्याच्या छतावर पॅनेल बसवलं की बिल उतरतं, कार्बनही कमी होतो. ते करावंच. पण त्यानं अंधारातल्या घरात दिवा लागत नाही. जगात आजही 65 कोटींहून जास्त लोकांकडे वीज नाही, त्यातले बहुतेक सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. त्यांच्यासाठी वेगळाच पैसा काढावा लागतो.

मागे वेल्ह्याकडच्या एका वाडीतल्या शाळेत एका कंपनीनं दिलेला संच बघायला गेलो होतो. पॅनेलवर धुळीचा थर, बॅटरीतलं पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं, टर्मिनलवर पांढरट-हिरवं साचलेलं. बाई म्हणाल्या, "उद्घाटनाला आले तेवढेच. पाणी कुठलं घालायचं हेसुद्धा कुणी सांगितलं नाही हो." डिस्टिल्ड वॉटरच्या चार कॅनपायी अख्खा संच बंद! परतताना पाबे घाटात मला दुसरं काही सुचत नव्हतं.

याचं मूळ थोडं नियमांतही आहे. सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता 2021 पासून कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती बचत गट, ग्रामपंचायत किंवा एखाद्या संस्थेकडे जाते. हे योग्यच आहे. पण सीएसआरचा एकाहून जास्त वर्षांचा प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं चालतो, आणि साधी लेड-ॲसिड बॅटरी साधारण चार-पाच वर्षांत संपते. म्हणजे बॅटरी मरते तेव्हा कंपनी गेलेली असते. म्हणून आम्ही आता पहिल्या महिन्यापासून बचत गटाच्या खात्यात घरटी थोडी रक्कम जमा करायला लावतो, ती फक्त पुढच्या बॅटरीसाठी. गटातल्या दोघींना हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजून चार्ज दाखवणारी नळी) लावायलाही शिकवतो.

काँगोतल्या गोमा शहराचं उदाहरण मला फार आवडतं. तिथल्या सौर मिनीग्रिडची (एखाद्या वस्तीपुरत्या छोट्या वीजजाळ्याची) हरित प्रमाणपत्रं, म्हणजे इतकी स्वच्छ वीज तयार झाली याचे विकता येणारे दाखले, मायक्रोसॉफ्टनं विकत घेतली आणि त्या पैशातून एका वस्तीत रस्त्यावरचे दिवे लागले. पुण्यातल्या कंपन्याही अशी प्रमाणपत्रं घेतातच. ती मोठ्या सोलर पार्ककडून घ्यायची की अशा ठिकाणाहून, हे खरेदी विभागाला ठरवता येतं.

तुमच्या कंपनीत प्रस्ताव आला, तर किती किलोवॅट हे नंतर विचारा. आधी विचारा, पाचव्या वर्षी बॅटरी कोण बदलणार आणि कुठल्या खात्यातून?