‘रोज लावते की ओ, डॉक्टर!’

प्रश्न: कॉलेजच्या प्रकल्पासाठी निपाणीजवळच्या आमच्या गावात ‘उन्हापासून जपायला काय करता?’ असं विचारत फिरले. रानात जाणारे सगळे म्हणाले, नेहमी डोकं झाकतो, लांब बाह्या घालतो. दोन दिवसांनी तंबाखूच्या रानात त्यांतलेच कितीतरी उघड्या डोक्यानं! लोक खोटं बोलतात का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर: खोटं म्हणू नकोस, बाळ. वही-पेन घेऊन कुणी दारात आलं की माणूस बरं दिसेल तेच सांगतो. शिवाय ‘नेहमी’ म्हटलं की त्याला आठवते मे महिन्यातली टळटळीत दुपार. ढगाळ दिवस तो धरतच नाही. ढगांतूनही उन्हातले त्वचेला घातक अतिनील किरण येतात, हे कुणाच्या गावी नसतं.

शहरातल्यांची तऱ्हा वेगळी. माझ्या बेळगावच्या दवाखान्यात ‘सनस्क्रीन रोज लावते की ओ’ हे ठरलेलं. मी विचारते, ट्यूब कधी आणली? गेल्या दिवाळीत! आणि अजून अर्धी शिल्लक. एसपीएफ, म्हणजे क्रीम उन्हापासून किती जपतं त्याचा आकडा, ठरवताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम क्रीम लावतात. लोक बहुधा त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी लावतात. मग ट्यूबवर 50 छापलेलं असून काय उपयोग? पण बाईंचं उत्तर ‘होय’च, आणि तिच्या परीनं ते खरंही असतं.

तू ‘नेहमी’ काढून टाक. ‘काल 11 ते 3 कुठं होता, डोक्यावर काय होतं?’ असं विचार. काहींना बांधावरून नुसतं बघ, नावं न लिहिता, आणि दोन्ही नोंदी शेजारी मांड. फक्त कुठल्या दिवशी येणार ते आधी सांगू नकोस, नाहीतर अख्ख्या रानात टॉवेलच टॉवेल दिसतील.