निदान नुकतंच झालंय ना? मग हे वाचा

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस (सांधे सुजवणारा, आखडवणारा संधिवात) कळल्यापासून झोप उडालीय, ही तुमची पोस्ट वाचून पोटात कालवलं. मला हा आजार जडून बरीच वर्षं झाली. सकाळी बोटं तासभर आखडलेली असतात, हे घरच्यांना कितीही सांगा, पुरतं उमगत नाही. ऑनलाइन भेटलेल्या कुणी "माझंही अगदी तसंच" म्हटलं की अर्धं ओझं उतरतं. तेवढ्यासाठी तरी मनातलं बोलत जा.

औषधाच्या बाबतीत मात्र आम्हा ऑनलाइन भेटणाऱ्या रुग्णांपैकी कुणाचंच ऐकू नका, माझंसुद्धा. मेथोट्रेक्सेट हे औषध या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. दुसऱ्याचा डोस तो दुसऱ्याचाच.

आमच्याकडून घ्यायचे ते प्रश्न. मी एका कागदावर रोजचा ताठरपणा किती मिनिटं टिकला ते लिहिते, खाली तीन प्रश्न: गुण कधी येईल, यकृताची तपासणी कधी करायची, कोणत्या त्रासाला लगेच फोन करायचा. पहिल्यांदा तो कागद पुढे केला तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवून तो नीट वाचला. औषध तेच राहिलं, पण बाहेर पडताना वाटलं, आज माझं ऐकलं गेलं.

उलटही होतं बरं का. माहिती वाढली की अपेक्षा वाढतात आणि घाईत बोलणारे डॉक्टर खुपायला लागतात. लगेच डॉक्टर बदलू नका. "हे मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का?" एवढं आधी विचारून बघा.