३४४० चं रुंद पीक: फिनॉल की पाणी?

प्रश्न असा आहे: सॅलिसिलिक ॲसिडपासून ॲस्पिरिन केलं, केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) पेलेटवर, म्हणजे दाबून केलेल्या चकतीवर, आयआर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) काढला. १७५४ आणि १६९० ला पीक्स स्वच्छ आली, पण ३४४० लाही एक रुंद पीक आहे. मग फिनॉलचा ओएच (बेंझीन वलयावरचा ओएच गट) शिल्लक राहिला, म्हणजे सॅलिसिलिक ॲसिड उरलं का? (पीक्सचे सगळे आकडे प्रति सेंमी.)

आधी १६३५-१६४० कडे बघा. तिथेही फुगवटा असेल तर ते बहुतेक पाणीच. ३४४० आणि १६४० ही पाण्याची जोडी सहसा एकत्रच हजर होते. केबीआर ओल धरतं, आणि श्रावणातल्या बडोद्यात बाटली उघडून पेलेट दाबेपर्यंत ते पुरेशी ओल धरून बसतं.

सॅलिसिलिक ॲसिड उरलं असतं तर खूण वेगळी मिळाली असती. त्यातला फिनॉलचा ओएच त्याच रेणूतल्या कार्बोनिलला (C=O गटाला) हायड्रोजन बंधाने धरून असतो. त्यामुळे त्याचं पीक ३२४० च्या जवळ, बऱ्यापैकी टोकदार येतं आणि कार्बोनिल १६६० पर्यंत खाली सरकतं. ॲसिटिल गट बसला की ती पकड सुटते, म्हणून तुमचं १६९०. १७५४ हा एस्टरचा कार्बोनिल. फिनॉलचा एस्टर असल्याने साध्या एस्टरच्या १७४० पेक्षा थोडा वर. तेव्हा १६६० ला शोल्डर (मोठ्या पीकच्या कडेचा छोटा फुगवटा) आहे का ते शोधा. २५०० ते ३३०० पसरलेला डोंगर मात्र कार्बॉक्सिलिक ॲसिडचा आहे, तो ॲस्पिरिनमध्येही राहणारच.

एक-दोन टक्के अशुद्धी आयआरमध्ये बघत बसू नका. चिमूटभर नमुना अल्कोहोलमध्ये विरघळवून १ टक्का फेरिक क्लोराईडचा थेंब टाका. जांभळा रंग आला तर फिनॉल आहे. दहा पैशांची चाचणी, पण इथे मशीनपेक्षा तिचं ऐका.

आता पेलेट. केबीआर ११० अंशांवर रात्रभर ठेवा, डेसिकेटरमध्येच (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड होऊ द्या. अगेटच्या खलात आधी नमुना एकटाच घोटा, १ ते २ मिलिग्रॅम, खलाच्या भिंतीला तुकतुकीत थर चिकटेपर्यंत. मग २०० मिलिग्रॅम केबीआर घालून फक्त मिसळा. केबीआर घोटत राहिलात तर त्याचा पृष्ठभाग वाढतो आणि तेवढं पाणीही. १३ मिलिमीटरच्या डायमध्ये (साच्यात) ८ ते १० टन दाब, दोन मिनिटं. पेलेट दुधाळ आली तर ओल किंवा भरड कण. कण भरड असले की बेसलाइन ४००० च्या बाजूला खाली झुकते. पीक्स तळाला टेकत असतील तर नमुना जास्त झालाय. अशा वेळी १७५४ आणि १६९० एकमेकांत मिसळूही शकतात.

त्याच केबीआरची नमुन्याशिवाय एक कोरी पेलेट काढा. तिच्यातही ३४४० दिसलं तर वाद मिटला.

ओल घालवायची म्हणून ॲस्पिरिन दिव्याखाली फार तापवू नका. ओल आणि उष्णता मिळाली की त्याचं जलविघटन होतं. ॲस्पिरिनची बाटली उघडताच व्हिनेगरचा वास आला तर खरोखरचं सॅलिसिलिक ॲसिड तयार झालेलं असतं, आणि मग ३२४० चं पीक खोटं नसतं.

एटीआर (नमुना थेट स्फटिकावर दाबून आयआर घेण्याची सोय) उपलब्ध असेल तर केबीआरची कटकटच नाही. फक्त त्यात ३००० च्या वरची पीक्स बुटकी दिसतात, कारण किरण तिथे नमुन्यात कमी खोल शिरतो. केबीआरवर काढलेल्या संदर्भ स्पेक्ट्रमशी उंची जुळवायला जाऊ नका.